आधी कोंबडी बघ, मग मसाला

अगं, तुझ्या फोनमध्ये साठवलेल्या पाककृती परवा पाहिल्या आणि जीव दडपला. फ्रान्सचं कोक ओ वँ, कोरियाचं सामग्येतांग, इथिओपियाचं डोरो वॉट, फिलिपिन्सचं अदोबो आणि या सगळ्यांच्या मधोमध आईच्या अक्षरातल्या गावठी रश्श्याच्या कागदाचा फोटो. झाशीत खंडेराव गेटजवळ नवं बिऱ्हाड मांडलंस, स्वतःचं स्वयंपाकघर मिळालंय, तेव्हा हौस असणारच. तुझी तक्रार मात्र दरवेळी तीच: कधी चिकन चिवट राहतं, कधी रश्श्यात त्याचे धागेधागे होतात. आणि दरवेळी तू मला विचारतेस, "ताई, मसाल्यात काय चुकलं?"

मसाल्यात काही चुकलेलं नाही गं. तू सुरुवातच मसाल्यापासून करतेस, ती कोंबडीपासून करायची असते. तिचं वय काय, ती वाढली कशी, तुझ्या पातेल्यात तिचा कुठला भाग आहे, एवढं कळलं की जगातल्या निम्म्या पाककृती न वाचताही जमतात. आज जरा निवांत आहे, तर सगळं सांगूनच टाकते.

दुकानात खुराड्यात पांढरेशुभ्र पक्षी दिसतात ना, तो ब्रॉयलर. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरतो आणि कापला जातो. आजीच्या काळी इतक्या कोवळ्या कोंबडीला कुणी हात लावला नसता. परसातली कोंबडी म्हणजे घरची अंडी. तिनं अंडी द्यायची थांबवली किंवा कोंबडे जास्त होऊन आपसांत भांडायला लागले, की मग सुरी निघायची. दिवसभर उकिरडा उकरत हिंडलेला तो पक्षी शिजायला वेळ घ्यायचाच. ब्रॉयलर आपल्याकडे गावोगाव पोचला तो गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत. त्यात डॉ. बी. व्ही. राव यांचा वाटा मोठा. त्यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, तिचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे.

आता आईचा कागद पुन्हा वाच. "मंद आचेवर दीड-दोन तास" असं लिहिलंय, ते त्या परसातल्या कोंबडीसाठी. ब्रॉयलरला एवढा वेळ दिलास तर हाडं एकीकडे आणि मांस दुसरीकडे. कोक ओ वँचंही तेच. नावातच कोंबडा आहे. म्हातारा, निबर कोंबडा रेड वाइनमध्ये तासन् तास मुरवून, शिजवून मऊ करायची ती शेतकऱ्यांची युक्ती. व्हिडिओतली बाई तोच वेळ सांगते आणि तू पातेल्यात सहा आठवड्यांचं पिल्लू टाकतेस. मग धागे होणार नाहीत तर काय!

दुकानात "देसी दो" म्हटलंस की रंगीत पिसांचा कुठलाही पक्षी समोर येतो. त्यातले बरेचसे सुधारित संकरित असतात. आपल्याच उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे, तिनं काढलेली 'निर्भीक' ही असील रक्ताची जात परसात पाळण्यासाठीच आहे. वाईट काही नाही, पण शिजायला लागणारा वेळ वेगळा. म्हणून रंगावर जाऊ नकोस. छातीच्या हाडाचं खालचं टोक बोटानं दाबून बघ. ते लवचीक असेल तर पक्षी कोवळा, कडक असेल तर जून. कोंबड्याच्या पायाची नखी लांब आणि खवले खडबडीत असतील, तर कुकर काढायचाच.

भाव जिवंत वजनाचा सांगतायत की साफ केलेल्याचा, तेही आधी विचार. साल आणि पोटातलं काढल्यावर जिवंत वजनाचा जेमतेम दोन तृतीयांश भाग हातात येतो. नवीन गिऱ्हाईक इथंच फसतं.

आणि सालीचं काय ते ऐक. आपल्याकडे दुकानदार पिसांसकट साल ओढून काढतो, कारण ते झटपट होतं. रश्श्याला चालतं. पण भाजायची किंवा अख्खी शिजवायची असेल, तर "भैया, खाल रहने देना, सिर्फ पर निकालना" असं सांगून घे. गरम पाण्यात बुडवून पिसं काढावी लागतात, म्हणून थोडी कुरकुर करेल, करू दे. चव सालीखालच्या चरबीत असते. पेकिंगच्या बदकाचं सगळं कौतुक त्या कुरकुरीत सालीचं. फ्रान्समध्ये बदकाच्या तंगड्या त्याच्याच चरबीत मंद शिजवून ठेवतात. आपल्या गावाकडेही पिसं काढली की कोंबडी जाळावर होरपळतात, हळद चोळतात आणि सालीसकट तुकडे करतात. गंमत म्हणजे जगभरच्या कोंबड्यांच्या सालीचा पिवळा रंग आला आपल्या दक्षिणेकडच्या करड्या रानकोंबड्याकडून, असं २००८ मधल्या संशोधनात दिसलं. हा रानकोंबडा सह्याद्रीतही आरवतो. बाकी वंश मुख्यतः तांबड्या रानकोंबड्याचा. तेव्हा साता समुद्रापलीकडची कोंबडीसुद्धा आपल्या नात्यातलीच!

आता मुख्य गोष्ट. कोवळ्या पक्ष्याला आग, जून पक्ष्याला पाणी. एवढं लक्षात ठेव.

जून पक्ष्याच्या सांध्यांभोवती चिवट पदर असतो. ओलावा आणि वेळ मिळाला की तोच विरघळून रस्सा बोटांना चिकटेल असा दाट होतो. गावठी रस्सा, कोक ओ वँ, डोरो वॉट ही सगळी त्याच जातीची. कोवळ्या पक्ष्यात विरघळायला फारसं काही नसतं. त्याला जितकं जास्त शिजवशील तितका त्यातला रस पिळून निघतो. म्हणून तंदूर, जपानची काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेली याकितोरी आणि गोव्याचं काफ्रेआल ही झटपट आणि कडक आचेची कामं.

आणि एकाच कोंबडीत या दोन्ही जाती असतात. पाय चालून चालून घट्ट झालेले, छाती मऊ आणि कोरडी. करी कट आणतेस आणि सगळे तुकडे एकदम पातेल्यात टाकतेस, तिथंच गडबड होते. तंगड्या आणि मांड्या आधी टाक, छातीचे तुकडे दहा मिनिटांनी. ब्रॉयलर असेल तर सगळं मिळून पंचवीस-तीस मिनिटं पुरतात आणि कुकरची गरजच नाही. गावठी असेल तर कुकरला चार-पाच शिट्ट्या दे, मग झाकण काढून रस्सा आटव.

मिठाचं गुपित सांगते, हे कुठल्याच व्हिडिओत नीट सांगत नाहीत. किलोभर चिकनला सपाट दोन लहान चमचे मीठ तासभर आधी चोळून फ्रिजमध्ये ठेव. आधी पाणी सुटेल, घाबरू नकोस. तेच पाणी मीठ घेऊन परत आत जातं. मग चव हाडापर्यंत पोचते आणि छाती कोरडी पडत नाही. पुढे रश्श्यात मीठ टाकताना हे मीठ धरूनच टाक. लखनौकडची मंडळी कबाबाला कच्ची पपई लावतात, म्हणून तूही ब्रॉयलरला लावू नकोस. पपई जून मांसाला. कोवळ्याचा त्यानं लगदा होतो.

आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणून हसतात. पण ब्रॉयलरला स्वतःची चव बेताची, तेव्हा तिथं मसाल्याला खरंच काम आहे. भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, कांदा असं आपलं पूर्ण वाटण घाल. गावठीला मात्र वाटण निम्म्यावर आण, नाहीतर एवढे पैसे देऊन कोंबडी आणायची आणि खोबरं खायचं!

कांद्याची घाई करू नकोस, हे मी तुला भाजीच्या वेळीही सांगते. इथिओपियातल्या बायका डोरो वॉटसाठी ढीगभर कांदा अगदी बारीक चिरतात आणि तेला-तुपाशिवाय, कोरड्या पातेल्यात हलवत बसतात. पाणी सुटतं, आटतं, रंग बदलतो, पार गर होतो. मग मसाल्यांचं तूप, मग बर्बेरे नावाचा लाल तिखट मसाला, मग कोंबडी, शेवटी उकडलेली अंडी. परंपरेनं कोंबडीचे बारा तुकडे करतात. एक रविवार तू आपला रस्साही असाच कर. कांदा कोरडा परतून घे, तेल मागाहून घाल. इथल्या मोहरीच्या तेलात करणार असशील, तर ते आधी धूर येईपर्यंत तापवून किंचित निवव, म्हणजे उग्रपणा जातो आणि आपला काळा मसाला त्यात बुडून जात नाही.

आंबटाचंही तसंच. अदोबो म्हणजे व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, तमालपत्र, मिरी. फ्रिज नसलेल्या उष्ण देशात टिकावं म्हणून व्हिनेगर आलं. सेनेगलच्या यासामध्ये लिंबू आणि भरपूर कांदा. काफ्रेआलमध्ये कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं-लसूण, मिरी आणि लिंबू किंवा व्हिनेगर. ते पोर्तुगीजांबरोबर आफ्रिकेतून गोव्यात आलं असं मानतात. झाशीच्या मे महिन्यात खोबऱ्याचा जड रस्सा कुणाच्या घशाखाली उतरत नाही, तेव्हा या तिन्हींपैकी एक कर. अदोबो सगळ्यांत सोपं: सगळं एकत्र करून उकळ, मंद कर, मऊ झालं की तुकडे काढून परतून घे, उरलेला रस आटवून वर ओत.

पातळ, पांढरं, सौम्य काही हवं असेल तर आपलं अळणी विसरू नकोस. आलं-लसूण, हळद, मीठ घालून हाडांसकट उकळलेलं ते पाणी. कोल्हापूरकडे त्यातून पांढरा रस्सा होतो. कोरियात कोवळ्या अख्ख्या कोंबडीच्या पोटात चिकट तांदूळ, जिनसेंग आणि खजुरासारखी लाल बोरं भरून सामग्येतांग करतात आणि मुद्दाम ऐन उन्हाळ्यात गरमगरम पितात. हैनानची कोंबडी सिंगापूरनं जगप्रसिद्ध केली, ती तर तू आधी करावीस अशीच आहे. सालीसकटची सव्वा किलोची कोंबडी आलं आणि पातीचा कांदा घातलेल्या उकळत्या मिठाच्या पाण्यात पूर्ण बुडव. पुन्हा उकळी आली की आच अगदी बारीक करून दहा मिनिटं ठेव, मग गॅस बंद, झाकण घट्ट आणि पाऊण तास हात लावायचा नाही. नंतर ती बर्फाच्या पाण्यात टाक, म्हणजे साल घट्ट आणि तुकतुकीत होते. त्याच पाण्यात, कोंबडीच्या चरबीवर परतलेल्या लसणासह तांदूळ शिजव. वर आलं-मिरचीची चटणी. तेल-मसाल्याशिवाय कोंबडीची खरी चव काय, ते त्या दिवशी कळेल.

मात्र अशी अख्खी शिजवताना अंदाजावर जाऊ नकोस. टोकदार काडीचा स्वयंपाकाचा थर्मामीटर मागवून घे, फार महाग नसतो. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता ७४ अंश सेल्सिअस दिसलं की निर्धास्त खा. कमी दिसलं तर पाणी पुन्हा तापवून आणखी थोडा वेळ ठेव.

आता दोन गोष्टी ताई म्हणून दटावून सांगते. नळ धो धो सोडून चिकन धुऊ नकोस. शिंतोड्यांबरोबर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू ओट्यावर, ताटांवर, कोशिंबिरीच्या काकडीवर उडतात. ते मरतात शिजल्यानं, धुतल्यानं नाही. रक्त, पिसं राहिली असतील तर भांड्यातल्या पाण्यात हलक्या हातानं काढ, मग मोरी, सुरी आणि हात साबणानं धू. दुसरं, उन्हाळ्यात खरेदी सकाळी. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर कच्चं मांस तासाभराच्या आत फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे, आणि झाशीत मार्चपासून दुपार त्याच्या वरच असते. स्टीलचा डबा घेऊन जा, कोंबडी कापून झाली की रस्त्यात कुठे गप्पा मारत थांबू नकोस. फ्रिजमध्येही एक-दोन दिवसांच्या वर ठेवायची नाही.

आता घरातलं राजकारण. झाशीत मराठी माणसं नारोशंकर आणि नेवाळकरांच्या काळापासून आहेत, आणि जुन्या घरांपैकी बरीच शाकाहारी. तुझ्या सासूबाई स्वतः खात नाहीत, पण करू देतात, हे भाग्य समज. वेगळं पातेलं, वेगळी पळी, वेगळी सुरी, आणि ती ठेवायची जागाही वेगळी. त्यांनी काही म्हणायच्या आधीच हे केलंस, तर पुढचे अनेक वाद वाचतील.

आणि कॅलेंडर नीट बघ. इकडचं पंचांग पौर्णिमान्त. शेजाऱ्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, आपला श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी, अमावास्या उलटल्यावर. म्हणजे आपली गटारी इथं हरियाली अमावस्येला, त्यांच्या ऐन सावनात येते. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी त्या दिवशी कोंबडी-वड्यांचे फोटो टाकतील, पण तू त्या दिवशी खिडकी उघडी ठेवून फोडणी देऊ नकोस. तुझी गटारी गुरुपौर्णिमेच्या आधीच्या रविवारी उरकून घे. राखीनंतर शेजाऱ्यांचं सुरू होईल तेव्हा आपला श्रावण अर्धा उरलेला असतो. दोन्हीकडचं पाळलंस तर दीड महिना शाकाहार, प्रकृतीला बरंच आहे. इथिओपियातले ख्रिस्ती ईस्टरआधी पंचावन्न दिवस मांस वर्ज्य करतात आणि उपास सोडतात तो डोरो वॉटनं. आपण आधी ताव मारतो, ते नंतर मारतात.

कडकनाथच्या मागे लागू नकोस, निदान इतक्यात. झाबुआचा तो काळा पक्षी अस्सल आहे, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. चीनमध्ये असाच काळ्या हाडामांसाचा सिल्की पक्षी औषधी सूप म्हणून उकळतात. पण कडकनाथ महाग, मांस कमी आणि घट्ट. बटर चिकनच्या मसाल्यात तो घातलास तर पैसे आणि पक्षी दोन्ही वाया. तो फक्त आलं, मिरी, मीठ घालून कुकरात. आणि बटर चिकन कुणी शोधलं यावर दिल्लीच्या दोन हॉटेलांचा वाद २०२४ मध्ये उच्च न्यायालयात गेला, तेव्हा आपण त्यात पडायला नको. लोणी, टोमॅटो, आदल्या रात्रीचं भाजलेलं चिकन उरलं असेल तर खुशाल कर.

येत्या रविवारी असं कर. एकच कोंबडी आण, सालीसकट. मांड्या-तंगड्यांचा रस्सा, छातीचे तुकडे काफ्रेआलचं वाटण लावून तव्यावर, पाठ-मान-हाडांचं अळणी. या तीन गोष्टी एका पक्ष्यात जमल्या की फ्रान्स, कोरिया, इथिओपिया कुठेही जा, हात अडणार नाही. आईचा कागदही तेव्हा पुन्हा काढ, आणि त्या दिवशी मात्र खरी गावठी शोधून आण, दीड-दोन तास दे. काळा मसाला मी डबा भरून देते, कोंबडी तूच बघून, दाबून, भाव विचारून आण.